रुमालाखालचा आकडा

उत्तरेच्या खिडकीतून सकाळ आमच्या कार्यशाळेत कधी घाईने येत नाही. आधी काचेच्या वरच्या कोपऱ्यात नुसता राखाडी ओलावा दिसतो. मग तो भिंतीवरच्या चिमट्यांवरून, मेजाच्या जुन्या ओरखड्यांवरून सावकाश उतरतो आणि शेवटी सोडा घातलेल्या पाण्याच्या काचपात्रात येऊन थांबतो. हा प्रकाश कोणाची बाजू घेत नाही, असे बाबा म्हणतात. रंग पारखायचा तो याच प्रकाशात. गेले चार महिने मात्र मला तो मळकट वाटू लागला होता, आणि मी दर आठवड्याला काचा पुसत होतो.

बाबा नायोबियमचे दागिने घडवतात. करडा, मऊ धातू; बहुतेक आम्लांना दाद देत नाही, पण ज्यांच्या कातडीला दुसरा धातू मानवत नाही त्यांच्याशीही गुण्यागोविंदाने नांदतो. त्याला रंग फासावा लागत नाही. पाण्यात बुडवून वीज सोडली की अंगावर ऑक्साइडची पारदर्शक साय धरते आणि तिच्या जाडीप्रमाणे प्रकाशच रंग होऊन परततो: आधी तपकिरी, मग जांभळा, मग गडद निळा, मग फिकट आकाशी. वीज वाढवली की रंग पुढे सरकतो. मागे येत नाही.

बाबा व्होल्टमीटरवर रुमाल टाकून काम करीत. आकडा वाचून कोणीही रंग देईल, थांबायचे कुठे ते डोळ्याने ठरवायचे, हा त्यांचा हट्ट. पण हल्ली त्यांचा निळा जांभळ्यावरच थांबत होता. ते चहाला उठले की मी तुकडा पुन्हा पाण्यात सोडी आणि रुमाल उचलून राहिलेले पाच-सहा व्होल्ट चढवी. खिडकीला दोष देणे सोपे होते. रंगच काढून घेतला तर या माणसाजवळ काय उरेल, ते मला पाहायचे नव्हते.

त्या सकाळी ताई कर्णफुले न्यायला आली. नव्या नोकरीचा पहिला दिवस होता, आणि तिला गडद निळाच हवा होता. सोन्यालाही नाक मुरडणारे कान, अशी बाबा तिची थट्टा करीत. हट्टीपणात कान बापावर गेलेत, असे ती म्हणे. बाबांनी रुमाल टाकला, दोन्ही फुले तारेला अडकवली आणि बटण एकेक खटका फिरवू लागले. जांभळा आला. निळा आला. माझा जीव भांड्यात पडला. बाबा मात्र थांबले नाहीत. निळा उजळला, मग फिका पडत गेला.

त्यांनी फुले पुसून माझ्या तळहातावर ठेवली. "बोल रे मुखदुर्बळा, कोणता रंग?"

ताईने माझ्याकडे पाहिले. आज बाहेर जरा मळभ आहे, असे मी पुटपुटलो.

"मळभ कसलं?" ती हळूच म्हणाली. "येताना पाठ भाजली माझी."

बाबा हसले. खणातून एक तयार अंगठी काढून त्यांनी माझे बोट तिच्या आतल्या कडेवर ठेवले. तिथे केसाएवढा ओरखडा होता. रंगलेल्या धातूला पुन्हा तार लावायची तर ती साय आधी खरवडावी लागते. तो ओरखडा माझा होता.

"डोळे म्हातारे झालेत, बोटं नाहीत," ते म्हणाले. "चार महिने माझ्यामागे सारवासारव करतोयस. आज खटके मोजून मुद्दाम पुढे नेलाय. आता तुला तो मागे आणता येणार नाही, तेव्हा बोलावंच लागेल."

ताईने फुले कानांत घातली, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ आपणच घेऊ, असे सांगितले.

"फिकट आकाशी," मी म्हणालो.

बाबांनी मान हलवली, मीटरवरचा रुमाल उचलला आणि घडी करून माझ्या खिशात ठेवला. खिडकीतला प्रकाश पहिल्यासारखाच होता. बाबांना आता निळा रंग दिसत नव्हता.