ङला कोणी नाही

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. उदाराम सुताराने सागाच्या दोन फळ्या जोडून मला घडवले आणि काळा रंग फासून कामठ्याजवळच्या एका खेड्यातील शाळेत टांगले. ती गोष्ट एकोणीसशे तीसच्या सुमाराची.

त्या शाळेत जंगलाकडच्या टोलीवरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, चमेली यायची. तिच्या घरी गोंडी बोलत. सहा महिने झाले, तरी तिला एक अक्षर धड येईना. गोवर्धन गुरुजी छडी मारून थकले. शेवटी तिचे वडील बुधराम यांनी तिला माझ्यासमोरच सांगितले, "मास्तर म्हनते तुह्या डोस्क्यात अक्षर शिरत नाई. मंग कायले येतेस? मोहफुलं पडू लागली का येचाले घरीच राय."

"मी नाई सोडत शाळा!" चमेली म्हणाली.

त्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत ती माझ्यापाशी थांबू लागली. लिहायची, चुकायची, तळहाताने पुसायची. मग अक्षरांशी खेळत पुन्हा लिहायची. माझे अंग तिच्या हातांनी पांढरे होऊन जाई.

मोहफुले पडू लागली. बुधराम तिला न्यायला दारात येऊन उभे राहिले. तेवढ्यात गुरुजींची नजर माझ्यावर गेली.

क कावळा कढी प्याला,
ख खारीला खोकला झाला,
ग गुरुजींना गुंगी आली,
घ घुबडानं घोंगडी नेली.

गुरुजी दुपारी डुलक्या घेत, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. ते लाल झाले. "हे कोणी लिहिले?"

चमेली उठली. "मीनं लिवलं जी."

गुरुजींनी मला पुसायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. त्यांनी ओळी पुन्हा वाचल्या. एकही अक्षर चुकले नव्हते.

"मग ङचे काय?" त्यांनी विचारले.

"ङले कोनी नाई जी. तो एकटाच बसून राहिला."

वर्ग खदखदून हसला. गुरुजीही हसले. मग दाराकडे वळून म्हणाले, "बुधराम, चूक माझी होती. हिला नेऊ नकोस."

 बुधराम एकटेच घरी परतले.

चमेली चौथी पास झाली. पुढे नवा फळा आला आणि मी पडवीत धूळ खात पडलो. मोठ्या झालेल्या चमेलीने मला मागून नेले, पुन्हा काळे केले. आता तिच्या अंगणात टोलीवरच्या बाया माझ्यावर अक्षरे गिरवतात.

मित्रांनो, फळा पुसण्यासाठीच असतो. त्याचे मला दुःख नाही. पण पुसण्याआधी एकदा वाचत जा. कुणाचे तरी ते पहिलेच लिहिणे असेल.