सारजाचं एक अक्षर

आक्काचा आवाज आठवला की मार्गशीर्षातल्या सकाळी तुरीच्या पिवळ्या फुलोऱ्यावर रेंगाळणारं ऊन डोळ्यांपुढे येतं. त्या आवाजात ऊब आहे, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबून राहण्याचा जन्मजात संयम आहे. हाच आवाज पुण्यातल्या एका कंपनीने नऊ वर्षं वापरला. कानांवर हेडफोन चढवून माझी ही थोरली बहीण दिवसभर अनोळखी माणसांच्या तक्रारी ऐकायची, त्यांच्या संतापापुढे नम्र व्हायची, आणि खोलीवर परतली की मुकी होऊन भिंतीकडे पाहत बसायची. एकदा ती मला फोनवर म्हणाली, "दिवसभर बोलून राह्यले रे, पण कुणाशीच न्हाई."

बत्तिसाव्या वर्षी तिने ती नोकरी सोडली, कर्णबधिर मुलांना शिकवण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला आणि जालन्याबाहेरच्या एका निवासी शाळेत ती रुजू झाली. जिचं सारं आयुष्य आवाजावर चाललं होतं, ती आवाज जिथे पोचतच नाही अशा ठिकाणी का गेली, हे आमच्या घरात कुणालाच उमगलं नाही. मी जालन्यातच एका कचेरीत आहे. शनिवारी तिला भेटायला जायचो. पहिलं वर्ष भयाण होतं. खुणांची भाषा मुलं भराभर शिकत, तिच्यात भांडत, हसत. पण सुट्टीत घरी गेली की ती भाषा जाणणारं तिथे कुणीच नसे. निदान चार शब्द तरी त्यांच्या तोंडून निघावेत, म्हणून आक्का झुरत असे.

मग सारजा आली. तीर्थपुरीकडच्या एका मेंढपाळाची दहा वर्षांची लेक. दूरवर पाहायची सवय जडलेले तिचे डोळे वर्गाच्या भिंतींवर आपटून परत येत. कळपातली प्रत्येक मेंढी ती चित्रात वेगळ्या चेहऱ्याची काढायची. स्वतःचं नाव लिहिता आलं त्या दिवशी तिने ते फळ्यावर, खिडकीच्या धुळीवर, शेवटी आक्काच्या तळहातावर लिहिलं. त्या शनिवारी आक्काने तो शाईने निळा झालेला तळहात मला दाखवला. "इतक्या वर्षांत आत्ता कुठं माझं कुणाशी बोलणं झालं," ती म्हणाली. इतकं भरून आलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

तीन वर्षं तिने सारजाकडून एक शब्द सर्वांत जास्त घोटून घेतला: नाही. मुलीच्या जातीला नकार आधी यायला हवा, असं तिचं म्हणणं.

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि सारजा परतली नाही. आम्ही दोघं बसने तीर्थपुरीला उतरलो, वेचणीला आलेल्या कापसातून पायी वस्तीवर पोचलो. अंगणात घोड्यावर बोचकी लादणं चाललं होतं. सारजाचे वडील लिंबाजी यांनी आम्हाला बसायला घोंगडी अंथरली.

"मॅडम, मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी खाली निघालोत. माणूस कमी पडून राह्यलं," ते ओशाळून म्हणाले. "सारजा संगं आली तर बराबर होईल. शाळंचं फुडल्या साली बघू."

"तोवर ती सगळं विसरेल, दादा. अन् रस्त्यावर मागून गाडी आली तर तिला ऐकू येणार आहे का?"

"आमी हाव ना."

सारजा घोड्याजवळून सगळ्यांचे ओठ न्याहाळत होती. आक्काने खुणेने विचारलं, जायचंय का तुला? ती पोर पुढे आली, वडिलांसमोर उभी राहिली, मानेच्या शिरा ताणल्या, आणि पोटाच्या तळातून उपसल्यासारखा एक आवाज तिने बाहेर फेकला.

"आऽई."

पिठाने माखलेल्या हातांनी तिची आई झोपडीतून धावत आली आणि लेकीला कवटाळून रडू लागली. लिंबाजींचे डोळे वाहू लागले. "हाक मारली! पोरीनं मायला हाक मारली!" ते आक्काच्या पायांशी वाकले.

मी आक्काकडे पाहिलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. 'न' जिभेवरच अडला होता, 'ह' श्वासात विरला होता. उरलं ते इतकंच.

"दादा, ती 'नाही' म्हणाली," आक्का कशीबशी बोलली. "तिला जायचं नाही."

"मॅडम, लेकराची हाक मायला कळत न्हाई व्हय?"

सगळ्यांचे डोळे भरलेले पाहून सारजाला वाटलं, आपलं ऐकलं गेलं. ती आत गेली, दप्तर पाठीला अडकवून आली आणि आक्काला खेटून उभी राहिली.

आता लिंबाजींना कळलं. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. मग त्यांनी दप्तर लेकीच्या पाठीवरून अलगद उतरवलं आणि घोड्यावरच्या बोचक्यांत बांधलं. "ऱ्हाऊ दे संगं," ते कुणाकडेही न पाहता म्हणाले. "करमंल तिला."

सारजाने दुसऱ्यांदा तोंड उघडलं नाही. आम्ही दोघंच जालन्याला परतलो. पुढे ती पुन्हा दोनदा तिकडे जाऊन आली; झोपडीच्या दाराला काट्याची फांदी लावलेली होती आणि लिंबाजींचा फोन लागत नव्हता.

तिने शाळा सोडली नाही. आता नवं मूल आलं की ती आधी 'न' घेते. मुलाचं एक बोट स्वतःच्या नाकाला लावते, दुसरं त्याच्या नाकाला. तिच्याकडची थरथर त्याच्याकडे उमटेपर्यंत पुढच्या अक्षराला हात घालत नाही. कधी महिना जातो. गेल्या शनिवारी सहा वर्षांच्या एका चिमुरडीच्या बोटाखाली ती थरथर उमटली. मी टाळ्या वाजवणार होतो. आक्का तिच्याकडे एकटक पाहत एवढंच म्हणाली, "परत."

वर्षं उलटत जातील, सारजाचा चेहराही आमच्या आठवणीत पुसट होत जाईल. पण तिच्या तोंडून न निघालेलं ते अक्षर त्या वर्गात रोज कुणाच्या तरी बोटाखाली थरथरत राहील.