लाल शाईची कातरण

"गोदे, हात काढ चुलीतून. काढ मन्लं ना."

गोदाबाईनं कातरणाची मूठ तशीच धरून वर पाहिलं. "काहून? रोज तं कागदावरच चिकटवायची लई शिजवतो मी. आज काय झालं?"

महागूनं तिच्या हातातून कागदाच्या पट्ट्या ओढल्या. बोटभर रुंद, वीतभर लांब. दर पट्टीवर लाल शाई होती. 

बालाघाटच्या कचेरीमागं महागूचं बाइंडिंगचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं बायकोची, गोदाबाईची चूल. वीस वर्षं तो पटवाऱ्यांची रजिस्टरं अन् शाळेची हजेरीबुकं शिवत आला. रीत ठरलेली: डावीकडं शिवायचं, अन् बाकी तीन बाजू सुरीनं साफ कापायच्या. कडा सरळ नसली तर त्याला जेवण गोड लागत नसे. नसीर मास्तरांचे कागद त्यानं सकाळी असेच शिवले, असेच कापले.

पण मास्तरांचं लिहिणं होतं फारसी. ते उजवीकडून सुरू होतं. अन् दर पानाचा मुख्य शब्द त्यांनी उजव्या कडेलाच लाल शाईत काढला होता. महागूनं साठच्या साठ शब्द कापून टाकले होते.

मास्तर फारसी शिकवायचे, ते शिकायला पोरं राहिली नाहीत तोवर. मग घरी बसून चार वर्षं हेच लिहीत बसले. तिकडं इराणात काही विद्वान आपल्या देशाच्या इतिहासाचा, रीतिरिवाजांचा मोठा कोश करून राहिले होते. त्यासाठी साठ शब्द मास्तरांकडं लिहायला आले होते, दर शब्दाला एक पान. नागपूरचे एक प्रोफेसर उद्या तिकडं निघणार होते. कागद त्यांच्या हाती द्यायला मास्तर चारच्या बसनं गोंदियाला अन् तिथून नागपूरला जाणार. सुटे कागद मागच्या साली टपालात गहाळ झाले, म्हणून यंदा शिवून पाहिजे होते.

"किती जाळले?"

"मी काय मोजून जाळतो? दोन-चार गेल्या असतीन." मग तिचा आवाज उतरला. "मास्तरचे व्हय का?"

"हौ."

बाकीचे लोक महागूच्या अंगणात लांबूनच कागद टाकून जायचे. मास्तर हातात द्यायचे, अन् शाळेच्या हापिसात त्याला खुर्चीवर बसवायचे. गोदाबाईला ते ठाऊक होतं. तिनं चुलीतली लाकडं बाहेर ओढली अन् राखेत बोटं घातली. काहीच हाती लागलं नाही.

एक वाजला होता. महागूनं शिवण उसवली अन् पानं जमिनीवर मांडली. अक्षर एक कळत नव्हतं, पण काही शब्दांच्या शेपट्या पानावर राहिल्या होत्या. पट्टी लावायची, शेपटी जुळते का पाहायचं. जुळली की मागून पतंगाचा पातळ कागद लावून चिकटवायची.  वीस वर्षांत लई कधी सांडली नव्हती, ती आज दोनदा सांडली.

"हे पाहा, याचा बिंदू तिकडच्यावर जाते," गोदाबाई म्हणाली.

"तुले फारसी येते का वो?"

"नाई. पण कशिदा येते."

अन् खरंच, अर्धी पानं तिनंच जुळवली. साडेतीनला सत्तावन्न झाली. तीन पानं तशीच राहिली. महागू उजवीकडून शिवायला बसला, तेवढ्यात दारात छत्री टेकल्याचा आवाज आला.

"हो गया, महागूभाई?"

महागू उठला नाही. सुई हातात धरून त्यानं सगळं सांगून टाकलं. मास्तरांनी चष्मा पुसला, परत घातला.

"गलती मेरी है. उलटं शिवायचं हे मीच सांगायला पायजे होतं," ते म्हणाले अन् खाली बैठक मारली. "आणा ती तीन पानं."

दोन शब्द त्यांनी झटक्यात लिहिले. तिसऱ्या पानावर लाल शाईचा नुसता एक ठिपका उरला होता. मास्तरांनी पान वाचलं. परत वाचलं.

"थंडीतला सण आहे. गावातले सगळे लाकडं गोळा करतात, मोठी आग पेटवतात. त्या आगीचं नाव..." पेन पानावर तसंच थांबलं. "कल रात तक याद था."

 गोदाबाईनं विझलेल्या चुलीकडं पाहिलं.

"जबान पर है," मास्तर म्हणाले. मग हळूच पेनाला टोपण लावलं. "हल्ली असंच होते."

बस स्टँडावर लागल्याचा हॉर्न वाजला. महागूनं कोऱ्या कागदाची पट्टी कापली, बोटभर रुंद, वीतभर लांब, अन् त्या पानाच्या उजव्या कडेला चिकटवली. मग साठही पानं शिवली. या खेपेला त्यानं सुरीला हात लावला नाही.

"जागा ठेवली हाय, साहेब. आठवलं की लिवून टाका."

तो त्यांना बसपर्यंत पोचवायला गेला. मास्तर खिडकीशी बसले. मांडीवर गठ्ठा, कडा सगळ्या खालीवर. बस हलली तेव्हा महागूला दिसलं, मास्तरांचं एक बोट गठ्ठ्यात खुपसलेलं होतं, त्याच पानात, अन् ओठ हळूहळू हलत होते.