लाकडाच्या बाईचं बारसं

माझा धाकटा भाऊ कानिफनाथ सुतारकामात हुशार आणि बाकी सगळ्यात नालायक. आईच्या दहाव्यानंतर वर्षभर मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं, पाहायची हौसही नव्हती. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो नारळ आणि खण घेऊन खर्ड्याला माझ्या दारात उभा राहिला.

"आक्का, बेलापूरला काकासाहेबांच्या बागेत माझी मूर्ती बसायचीय. सागवानी. त्यांची हौस, मूर्तीचं बारसं करायचं. म्हनले, सुताराचं लेकरू हाय, आत्यानंच नाव ठेवावं."

"पोटच्या लेकाच्या बारशाला मातर आत्या आठवली न्हाई व्हय?"

त्याने नारळ आणि खण माझ्यापुढे सरकवला. मी गेले. मायेने नाही, चार माणसांत बोलायला मिळेल म्हणून गेले.

काकासाहेब मोठे बागाईतदार. आमच्याकडे हंडाभर पाण्याला दोन मैल चालायचं, आणि यांच्या बागेत गवताला पाट सोडलेला. डोकं तिथेच तापलं. मूर्तीवर नवं लुगडं झाकलं होतं आणि शेजारी पाटी तयार होती: 'अन्नपूर्णा'.

"एवढंच म्हन, आक्का," कानिफ कानाशी लागला. "जास्ती काई बोलू नगं."

काकासाहेबांनी लुगडं ओढलं. काठवटीपुढे भाकरी थापत माझी आई बसली होती.

तोच मोडका अंगठा, तेच चेपलेलं नाक. कानिफने तान्हेपणी बुगडी ओढून फाडलेली कानाची वरची पाळीसुद्धा त्याने तशीच कोरली होती. काही विसरला नव्हता मेला. विसरला असता तर मी एक वेळ माफ केलं असतं.

याच आईला त्याच्या बायकोने, रंगूने, शिळा तुकडा ओट्यावर आणून द्यायचा आणि याने खाली मान घालून ताजं जेवायचं, असं दोन वर्षं चाललं. मग एक दिवस त्याने तिला एसटीत बसवलं आणि कंडक्टरला सांगितलं, म्हातारीला खर्ड्याला उतरवा. सोबत आला नाही. माझ्या घरी ती चार वर्षं होती. प्रत्येक जेवणाला दुसरी भाकरी घेण्याआधी विचारायची, "घिऊ का गं?" मरेपर्यंत विचारत होती.

बायका गोळा झाल्या. मी वाकून लाकडाच्या कानात कुर्र केलं. रीतीप्रमाणे पाठीत धपाटे बसले. रंगूने तर सगळी वर्षं वसूल केली. मी सरळ उभी राहिले आणि बागेच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "गोजरबाई!"

"अहो बाई, अन्नपूर्णा ठरलंय," काकासाहेब हसत म्हणाले. "कोण ही गोजरबाई?"

"त्याला इचारा."

सगळे कानिफकडे बघायला लागले. रंगू पुढे सरसावली, "वन्सं, चारचौघांत तमाशा कशाला?"

"तू गप. मी माझ्या भावाला इचारतीय."

मला वाटलं, हा आता खोटं बोलणार, आणि बोलला तर पायातली वहाण काढायची असं मी ठरवलं होतं.

"माझी आई हाय," तो म्हणाला.

काकासाहेबांनी स्वतः ती पाटी उचलून बाजूला ठेवली. कानिफने पिशवीतून पटाशी काढली आणि मूर्तीच्या पायाशी अक्षरं कोरायला घेतली. डोळे पुसायचा, कोरायचा. बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. पुरं नाव झाल्यावर माझे पाय धरून म्हणाला, "आता तरी राग सोड, आक्का. जन्मभर सांबाळीन मी हिला. दर साली तेलपानी करीन."

मी पाय मागे घेतले.

"करशील की," मी म्हणाले. "ही भाकर मागत न्हाई."