चांदण्यांचे हातमोजे

मित्रांनो, मी एक मनगटी घड्याळ आहे. तसा मी फार जुना नाही, पण माझ्या काचेवर चरे पडले आहेत आणि पट्टाही पहिला राहिलेला नाही. मी सोन्याचा नाही, चांदीचाही नाही. तरी अंधार पडला की माझे काटे आणि आकडे हिरवट उजळतात, आणि त्या एका गुणामुळे माझ्या आयुष्यात जे घडले ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे सुईसारख्या बारीक नळीतून माझ्या काट्यांवर एक दाट लेप भरला गेला. दिवसा पाहिले तर तो लेप मळकट पांढरा दिसतो, कुणाचे लक्षही जाणार नाही असा. पुढे मी बारामतीच्या एका दुकानात काचेआड बसलो होतो, तेव्हा पिंपळीचे गंगाराम मला न्यायला आले. त्यांची मुलगी ज्योत्स्ना हिला वालचंदनगरच्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. दुकानदाराने मला मुठीच्या आडोशाला धरून दाखवले आणि गंगाराम खूश झाले. घरी आल्यावर त्यांनी मला स्वतः लेकीच्या मनगटावर बांधले.

"रेडियमचं हाय," ते अभिमानाने म्हणाले. "अंधारात बी दिसतंय."

तेव्हापासून मी ज्योत्स्नाबाईंच्या डाव्या हातावर आहे. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो. वालचंदनगरला त्या खोली घेऊन राहतात आणि सुट्टीला पिंपळीला जातात. त्यांच्याबरोबर मी फळ्यासमोर उभा राहिलो, वह्या तपासल्या, खोखोच्या सामन्यात धूळ खाल्ली. पण मला सर्वांत जास्त काम पडले ते वल्लरीमुळे.

वल्लरी बाईंच्या वर्गातली मुलगी. तिचे वडील तिथल्या कंपनीत इंजिनिअर होते आणि ते सगळे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहत. वल्लरीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, आणि हात पाहून ऐकते. ती वर्गात आली तेव्हा बाईंना त्या भाषेतले काही येत नव्हते. त्या तिच्या आईकडून, दीप्तीताईंकडून, एकेक खूण शिकल्या. सुरुवातीला त्यांनी इतक्या चुका केल्या की वल्लरी बाकावर डोके टेकून हसायची. हळूहळू बाईंचे हात सराईत झाले. बाई बोलू लागल्या की मीही त्यांच्या मनगटावर वरखाली नाचायचो.

एके दिवशी दुपारी बाईंनी मुलांना चित्रफितीच्या खोलीत नेले. त्या खोलीच्या खिडक्यांना जाड काळे पडदे होते. चित्रफीत चालू असतानाच वीज गेली. मुलांनी आनंदाने आरडाओरडा केला, कारण त्यांना एकमेकांचे आवाज ऐकू येत होते. वल्लरीला मात्र काहीच कळेना. तिने चाचपडत बाईंचा हात शोधला, तिला मी दिसलो, आणि तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. कुणीतरी पडदा सारला तेव्हा तिने बाईंना खुणेने सांगितले की अंधार झाला की सगळे तिला एकटीला टाकून निघून जातात.



त्यानंतर थोड्याच दिवसांनी शाळेत बातमी आली की पुण्याहून फिरते तारांगण येणार आहे. मोठ्या सभागृहात हवा भरलेला काळा घुमट उभा राहणार, मुलांनी रांगत आत शिरायचे, पाठीवर झोपायचे आणि भरदुपारी तारे पाहायचे. वर्गात दुसरा विषयच उरला नाही. वल्लरीनेही चित्रे पाहिली, तिचे डोळे मोठे झाले. मग तिने विचारले की आत दिवा असेल का. नसेल, असे कळल्यावर तिने मान हलवली आणि त्या दिवशी आपण घरीच राहू असे सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी दीप्तीताई शाळेत आल्या. त्यांचेही म्हणणे तेच होते. पोरीला उगीच भीती नको, एका दिवसाने काय बिघडते?

"दीप्तीताई, तिला बाहेर ठेवून मी आत जाऊन तारे बघणार नाही," बाई म्हणाल्या. "मला थोडा वेळ द्या. काहीतरी सुचेल."

सुचले ते पिंपळीला. गंगाराम ऊस वाहायच्या ट्रॉलीला मागून लाल-पिवळ्या पट्ट्या चिकटवत होते. बाईंनी त्यांना सगळे सांगितले.

"मग हेच रेडियम लाव की हातमोज्याला," गंगाराम म्हणाले. "लांबनं सुदिक चमकतंय."

बाईंना ते पटले. स्कूटीवर घालायच्या काळ्या हातमोज्यांना त्यांनी त्या पट्ट्या चिकटवल्या आणि शाळेत येऊन वल्लरीला साहित्याच्या खोलीत नेले. दार लावले. आत मिट्ट काळोख. बाईंनी हात हलवले, पण काही म्हणजे काही दिसले नाही. दिसत होतो तो एकटा मी.

मित्रांनो, आपल्याकडे चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला रेडियम म्हणायची पद्धत आहे. पण ट्रॉलीच्या पट्टीत रेडियम नसते आणि माझ्यातही नाही. ती पट्टी तिच्यावर पडलेला उजेड आल्या वाटेने परत फेकते. मागच्या गाडीचा दिवा पडला तर चमकते, नाहीतर गप्प. फार पूर्वी काही घड्याळांत खरेखुरे रेडियम भरत. ते दिवसरात्र चमके, पण फार घातक होते. ते रंगवणाऱ्या कितीतरी बायकांना त्याने आजारी पाडले, आणि म्हणून ते बंद झाले. माझी रीत वेगळी आहे. माझ्या लेपात बारीक स्फटिकांची पूड आहे. उजेड पडला की ती त्याची शक्ती पोटात साठवून ठेवते आणि अंधारात तीच थोडी थोडी, हिरव्या प्रकाशाच्या रूपाने, बाहेर सोडत राहते. आधी भरभरून, मग मंद, आणखी मंद. पुन्हा उजेडात ठेवा, मी पुन्हा भरतो. आमच्यातही प्रकार आहेत. काही प्रकारची पूड लवकर दमते, माझ्यातली बराच वेळ टिकते.

हे सगळे बाईंनी वाचून काढले, आणि मग त्यांना मुलांच्या खोलीत छताला चिकटवतात त्या हिरवट चांदण्या आठवल्या. त्यातही हीच पूड असते!

त्या रविवारी आम्ही बारामतीत होतो. खेळण्यांच्या दुकानात दोन प्रकारच्या चांदण्या मिळाल्या. चांगल्या कोणत्या, हे दुकानदारालाही सांगता येईना. बाईंनी दोन्ही पाकिटे आणि मला दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवले. मग आम्हा तिघांना ओढणीखाली घेतले आणि स्वतःही डोक्यावरून ओढणी ओढून काउंटरपाशी बसून राहिल्या. गिऱ्हाइके थांबून पाहू लागली. एका आजीबाईंनी काळजीने विचारले की पोरीला चक्कर आली का. दुकानदाराने हसत चहा मागवला, तो बाईंनी ओढणीतूनच प्यायला. चहा संपेपर्यंत एक पाकीट विझून गेले. दुसरे माझ्या बरोबरीने चमकत होते. बाईंनी त्या प्रकारची होती नव्हती तेवढी पाकिटे घेतली.

घरी चांदण्या कापून त्यांच्या बारीक पट्ट्या केल्या आणि हातमोज्याच्या एकेका बोटावर, तळव्याच्या कडेने चिकटवल्या. शाळेत वल्लरीने ते हातमोजे घालून पाहिले आणि लगेच स्वतःसाठी जोडी मागितली. फक्त ऐकत बसायला ती तयार नव्हती, तिला बोलायचेही होते. गंगारामांनी लहान मापाचे हातमोजे शोधून आणले आणि पट्ट्या चिकटवायला स्वतः बसले.

तारांगणाच्या दिवशी सकाळपासून दोन्ही जोड्या आणि मी शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर ऊन खात पडलो होतो. तारांगण घेऊन आलेला तरुण पुष्कर याला हे कळले तेव्हा तो कचरला. आत काडीचाही उजेड नको, इतर मुलांना तारे नीट दिसणार नाहीत, असे त्याने सांगितले. बाईंनी वाद घातला नाही. त्या त्याला रिकाम्या घुमटात घेऊन गेल्या, हातमोजे चढवले आणि हात हलवले. पुष्कर स्वतः आडवा होऊन ते हिरवे हात पाहू लागला.

"मॅडम, कडेला बसू नका," शेवटी तो म्हणाला. "मधोमध झोपा. तिथून आकाश चांगलं दिसतं."

मुले रांगत आत शिरली. वल्लरी दाराशी थांबली. तिने बाईंकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि गुडघे टेकून आत आली. दोघी शेजारी शेजारी उताण्या झोपल्या. दिवा मालवला आणि डोक्यावर आकाश उघडले. मुलांच्या तोंडून एकदम मोठा श्वास सुटला. आणि त्या ताऱ्यांमध्येच दोन हिरवे हात वर आले.

पुष्कर सांगत गेला, बाईंचे हात सांगत गेले. हे सप्तर्षी, हा ध्रुव, हा मृगाचा पट्टा. वल्लरीला तारे सोडून दुसरीकडे पाहावेच लागत नव्हते, कारण हात ताऱ्यांतच होते. मी बाईंच्या मनगटावर होतो, तेवढ्या जवळून मला तिचा चेहरा अंधुक दिसत होता. ती हसत होती. अंधार तसाच होता, पण ती त्याला विसरली होती.

शेवटी पुष्करने विचारले की कुणाला काही शंका आहे का. मुलांचा गलका सुरू होण्याआधीच दोन लहान हिरवे हात उठले.

बाईंनी ते हात वाचले आणि मोठ्याने सांगितले, "वल्लरी विचारते आहे, बाईंच्या घड्याळाला आपण उन्हात ठेवतो. मग ताऱ्यांना उन्हात कोण ठेवतं?"

एवढ्या शाळा फिरलो, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, असे पुष्कर पुढे बाईंना म्हणाला. पण त्या वेळी तो खाली बसला, वल्लरीच्या अगदी जवळ.

"ताऱ्यांना कुणी उन्हात ठेवत नाही, वल्लरी. त्यांचं ऊन त्यांच्याच पोटात तयार होतं."

बाईंच्या हातांनी ते तिला सांगितले. वल्लरीने ते उत्तर स्वतःच्या हातांनी एकदा करून पाहिले, मग पुन्हा केले. पलीकडे झोपलेल्या विनया नावाच्या वर्गमैत्रिणीने अंधारात तिची नक्कल केली, पण तिच्या हातात हातमोजे नव्हते, म्हणून ते कुणालाच दिसले नाही. तिने वल्लरीच्या हातमोज्याला हात लावला, तेव्हा वल्लरीने एक काढून तिला दिला.

त्या आठवड्यात अर्धा वर्ग बाईंकडे खुणा शिकायला बसू लागला. गप्प बसायच्या तासालाही गप्पा मारता येतात हा शोध मुलांना लागला होता, आणि बाईंना त्यावर रागवावे की हसावे ते कळत नव्हते. दीप्तीताई मात्र वर्गाच्या दारात उभ्या राहून नुसत्या पाहत राहिल्या. मुलीच्या भोवती एवढे हात त्यांनी आधी कधी पाहिले नव्हते.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे छोटीशी विनंती आहे. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद कपाटात पडला असेल तर त्याला कधीतरी खिडकीत ठेवा. तो विझलेला नसतो, त्याला उजेड मिळालेला नसतो, एवढेच. आणि तुमच्यापैकी कुणाचा दोस्त हात पाहून किंवा ओठ पाहून ऐकत असेल, तर बोलताना तोंड फिरवू नका. उजेडाकडे तोंड करून उभे राहा आणि जरा सावकाश बोला. मला तर बाईंच्या मनगटावर बसून एवढेच कळले आहे की बोलणारा दिसला पाहिजे.