एक्केचाळिसाव्या पानावरची फुली

त्याला बायको गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा घरच्या कॉम्प्युटरशेजारी प्रोग्रॅमिंगचं नवं पुस्तक एक्केचाळिसाव्या पानावर उघडं होतं.

अशा पुस्तकांची परीक्षणं तो मासिकात लिहायचा, पण पुस्तक सोपं की अवघड हे ठरवायची ती. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे, म्हणूनच. पुस्तकात बघून ती एकेक ओळ टाइप करायची आणि अडली की पेन्सिलीने फुली मारायची. "तुमच्या लेखकाला म्हणावं, मधली पायरी खाल्लीस!"

महिन्याभराने संपादकांचा फोन आला. "साहेब, उद्या अंक छापायला जातोय. पुस्तक चांगलं आहे, एवढं तरी लिहून टाका."

"अहो, वाचणारा अडला तर स्वतःलाच मठ्ठ समजेल."

तिची शेवटची फुली त्या एक्केचाळिसाव्या पानावर होती. त्याने ते सात वेळा वाचलं. सगळं कळत होतं, आणि त्याचीच धास्ती वाटत होती. शेवटी तिच्या खुर्चीत बसून त्याने प्रोग्रॅम टाइप केला. तो पहिल्याच फटक्यात चालला. ती मग अडली कुठे?

त्याने पडद्यावरच्या ओळी मोजल्या. बारा. पुस्तकात अकराच होत्या. राहिलेली ओळ त्याच्या बोटांनी सवयीने, त्याच्या नकळत घातली होती.

त्या पानाबद्दल त्याने परीक्षणात लिहिलं आणि शेवटी जोडलं: "पुढची नव्वद पानं अजून कोणी तपासलेली नाहीत."