मतपत्रिकेवरचं लॉलीपॉप

मार्लफील्ड प्रभागात ग्लेनिस टनिक्लिफ माहीत नाही असा माणूस भेटला, तर तो कालच राहायला आलाय असं खुशाल समजावं. बावीस वर्षं ती फर्नेस रोडवर, प्राथमिक शाळेसमोर, पिवळाधमक कोट घालून आणि गोल पाटीची उंच दांडी घेऊन उभी राहिली. ती रस्त्यात उतरली की कचऱ्याची गाडी थांबायची, बस थांबायची, एकदा तर फुलांनी लदलेली शववाहिकासुद्धा थांबली होती. "आतल्याला आता कसली घाई आहे?" असं वर तिनं ड्रायव्हरला ऐकवलं होतं. त्या दांडीवरच्या गोल पाटीमुळे पोरं तिला लॉलीपॉप बाई म्हणायची. त्यांचे आईबापही तेच म्हणायचे, कारण लहानपणी त्यांनाही तिनंच रस्ता ओलांडून दिला होता.

या फेब्रुवारीत पालिकेनं ठराव केला, की सप्टेंबरपासून शहरातल्या एकाही शाळेसमोर लॉलीपॉपवाला राहणार नाही. ठराव एका मतानं पास झाला, आणि त्यासाठी हात वर करणाऱ्यांत मार्लफील्डचा नगरसेवक रॉयस्टन बॅग्नलही होता. अठरा वर्षं त्या खुर्चीत बसून खुर्चीला त्याचा आकार आला होता. ग्लेनिस तडक त्याच्याकडे गेली.

"लोकांनी निवडून दिलेल्यांनी ठरवलंय, बाई," तो म्हणाला. "पटत नसेल तर तुम्ही उभ्या राहा की!" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला.

ग्लेनिस हसली नाही. ती घरी आली, चहा टाकला, आणि चहा होईपर्यंत तिचं ठरलंसुद्धा.

अडचण एकच होती. पालिकेचा पगार घेणाऱ्याला पालिकेची निवडणूक लढवता येत नाही. अर्ज भरायच्या आधी नोकरी सोडावी लागते. मार्चमधल्या एका मंगळवारी तिनं कोट आणि दांडी परत केली. पालिकेनं तिच्या जागी कुणालाही नेमलं नाही. आणि पुढच्याच आठवड्यात एका व्हॅनच्या आरशात चौथीतल्या मुलीच्या दप्तराचा पट्टा अडकला. गुडघे फुटण्यावर निभावलं. पण तिच्या आईनं शाळेच्या फाटकाशी, सगळ्यांदेखत, ग्लेनिसला धरलं.

"तू असतीस तर हे झालं असतं का गं? तुला नगरसेवक व्हायचंय म्हणून आमची पोरं वाऱ्यावर सोडलीस!"

बाई खोटं बोलत नव्हती. जिंकली तर ते एक मत फिरणार होतं आणि ठराव उलटणार होता. हरली, तर तिनं आपल्या हातानं पोरांना रस्त्यात सोडलं एवढंच मागं उरणार होतं.

तिच्या पाठीशी पक्ष नव्हता. दोन माणसं होती. एक नॉरिस शफलबॉटम, शेजारी. आयुष्य कपबशांच्या कारखान्यात आणि तिथल्या युनियनमध्ये गेलेलं. नियमांचं पुस्तक तो अंथरुणात वाचायचा, आणि त्यामुळे ग्लेनिसचा निवडणूक प्रतिनिधी व्हायला त्याच्याइतका लायक कुणी नव्हता. दुसरी तिची धाकटी बहीण थेल्मा. तिचं केस कापायचं दुकान होतं, आणि दुनियेतलं काहीही आपल्याला जमतं अशी तिची खात्री होती. प्रचाराचं पत्रक तिनंच केलं.

पत्रक झकास झालं. नॉरिसनं ते चष्मा लावून तीनदा तपासलं: छापणाऱ्याचं नाव आहे, पत्ता आहे, कायद्यानं लागतं ते सगळं आहे. चित्राकडे काही त्यानं पाहिलं नाही. चित्रं बघणाऱ्यांतला तो माणूसच नव्हता. दोन हजार घरांच्या दारांतल्या टपालाच्या फटींतून तिघांनी ती पत्रकं सरकवली, आणि त्यात नॉरिसचं एक बोट आतल्या एका टेरियर कुत्र्यानं चावून फोडलं.

मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता चर्चच्या हॉलबाहेर ग्लेनिस छातीवर उमेदवाराचं रिबनचं फूल लावून उभी राहिली, शेजारी नॉरिस आणि सगळ्यांत आधी मत टाकून आलेली थेल्मा. मिसेस हॅसॉल म्हणून एक म्हातारी कुत्र्याला घेऊन आत गेली आणि पाच मिनिटांनी उजळलेल्या चेहऱ्यानं बाहेर आली.

"छान काढलं हो मी तुझं," ती म्हणाली. "दांडी जरा वाकडी आली, पण चालेल ना?"

"कसली दांडी?"

"लॉलीपॉपची, बाई! पत्रकात दाखवलंय तसं."

नॉरिसनं खिशातलं पत्रक काढलं आणि पहिल्यांदाच चित्र पाहिलं. थेल्मानं नमुन्याची मतपत्रिका काढली होती. बॅग्नलचं नाव, त्यापुढे रिकामा चौकोन. ग्लेनिसचं नाव, आणि तिच्या चौकोनात फुलीऐवजी एक सुबक, गोल लॉलीपॉप. खाली ठसठशीत अक्षरांत: 'गुरुवारी अशी खूण करा.'

नॉरिसच्या तोंडचं पाणी पळालं. "थेल्मा! फुली! फुली मारायची असते! राजाच्या जन्माच्या आधीपासून या देशात फुली मारतात!"

"फुली कित्ती रुक्ष दिसते," थेल्मा म्हणाली. मग दोघांचे चेहरे बघून तिचा आवाज खाली आला. "नाही चालणार का?"

"मोजणारे बाजूला काढून ठेवतील. संशयास्पद म्हणून. आणि मग बाद!"

मतदाराला दारात अडवून आत काय करायचं ते शिकवणं हाही गुन्हाच, असं नॉरिसनं पुस्तक न उघडता सांगितलं. मग तिघं नुसती उभी राहिली. दिवसभर माणसं बाहेर येऊन ग्लेनिसला डोळा मारत होती. एक गवंडी तर म्हणाला, "मी आत शेडिंगपण केलंय." ग्लेनिस सगळ्यांचे आभार मानत होती आणि आतल्या आत खचत होती. बहिणीला मात्र ती एक शब्द बोलली नाही. थेल्मा गाडीत जाऊन रडून आली होती, ते तिला नाकाच्या रंगावरून कळलं होतं.

मोजणी शुक्रवारी सकाळी, खेळाच्या हॉलमध्ये. बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबलं मांडलेली. बारा वाजता पहिला आकडा आला: बॅग्नल आठशे बारा, टनिक्लिफ सातशे एकोणऐंशी. तेहतीसनं मागे. आणि टेबलाच्या टोकाला एका तबकात, बाजूला काढलेल्या बावन्न मतपत्रिका.

बॅग्नल हात चोळत आला. "तबकात काय आहे, बालचित्रकला स्पर्धा?"

निवडणूक अधिकारी होत्या प्रिसिला ओकाफोर. उंच, शांत बाई. त्यांनी दोन्ही बाजूंना टेबलाशी बोलावलं आणि बाह्या सरळ केल्या.

"यातल्या चार कोऱ्या किंवा दोघांनाही दिलेल्या आहेत. त्या बाद," त्या म्हणाल्या. "उरल्या अठ्ठेचाळीस. त्यांच्यावर फुली नाही, एक चित्र आहे. कुणाला काही म्हणायचंय?"

"मला!" बॅग्नल म्हणाला. "मत म्हणजे फुली. हे लॉलीपॉप आहे. लॉलीपॉप म्हणजे मत नव्हे, हे शेंबडं पोरही सांगेल. सगळ्या बाद करा आणि मला जेवायला सोडा."

नॉरिस पुस्तकाची पानं उलटत होता. घाईत हवं ते पान सापडेना. ग्लेनिसनं डोळे मिटून घेतले. तिला फर्नेस रोड दिसत होता, आणि तिथं कुणीच उभं नव्हतं.

ओकाफोरबाईंनी गठ्ठ्यातली पहिली मतपत्रिका उचलली, पाहिली, आणि त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. त्यांनी ती सगळ्यांसमोर ठेवली. गोल, देखणं लॉलीपॉप. पण चौकोन ग्लेनिसचा नव्हता. बॅग्नलचा होता.

कुणा भाबड्यानं पत्रक वाचून असा समज करून घेतला होता, की यंदा सगळ्यांनीच लॉलीपॉप काढायचं असतं.

"हे माझं!" बॅग्नलचा हात कागदावर पडलासुद्धा. "माझ्याच चौकोनात आहे. स्पष्ट आहे. द्या इकडे!"

नॉरिसनं पुस्तक हळूच मिटलं आणि चष्मा काढला. चाळीस वर्षं मालकांशी भांडलेला माणूस, संधी कशी दिसते हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"काय म्हणालात, नगरसेवक? पुन्हा एकदा सांगा. मॅडमना नीट ऐकू येऊ दे. लॉलीपॉप म्हणजे मत?"

बॅग्नलनं तोंड उघडलं. हात कागदावरच होता. तो उचलावा तर मत जातं, ठेवावा तर सगळंच जातं. आपल्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. धोंडा असा घट्ट धरून ठेवणारा हा एकच.

"कायदा तसाच आहे, मिस्टर बॅग्नल," ओकाफोरबाई म्हणाल्या. "मतदाराचा कौल स्वच्छ कळत असेल आणि मतदार कोण ते कळत नसेल, तर खूण कोणतीही असो, मत चालतं. तुम्ही मान्य केलंत, बरं झालं. वेळ वाचला. हे मत तुमचं. आठशे तेरा."

आता ग्लेनिसला जिंकायला पस्तीस हवी होती. राहिलेली सत्तेचाळीसही तिच्याच चौकोनातली होती. नॉरिस नाचायच्या बेतात होता, तोच बाईंनी पुढची उचलली आणि मान हलवली. लॉलीपॉपखाली लिहिलं होतं: 'ग्लेन, तुझीच थेल्मा. जिंक गं!'

"नाव लिहिलंय. बाद."

"अगं, तू मतपत्रिकेवर सही केलीस?" ग्लेनिस किंचाळली.

"चित्रावर सही करतातच ना!" थेल्मा कुजबुजली आणि खाली बघू लागली.

आणि तिच्यासारखे आणखी निघाले. एकानं पत्ता लिहिला होता, एकीनं दोन नातवंडांची नावं घातली होती. प्रेमापोटी माणसं काय काय घाण करून ठेवतात! चालेल, चालेल, बाद. चालेल, बाद, चालेल. बाकीच्या टेबलांवरची मोजणी थांबली आणि माणसं भोवती जमली. बारीक लॉलीपॉप, जाडं लॉलीपॉप, शेडिंग केलेलं लॉलीपॉप. एक वाकड्या दांडीचं आलं तेव्हा ग्लेनिस टेबलावर वाकली, आणि बाई म्हणाल्या, "चालेल."

नववी सही निघाली तेव्हा थेल्मानं तोंडावर ओढणीसारखा स्कार्फ ओढून घेतला. त्यानंतर एकही बाद झालं नाही. तेहतीस. चौतीस, बरोबरी. ओकाफोरबाईंनी पुढचा कागद उचलला. लॉलीपॉप इतकं मोठं होतं की चौकोनाच्या चारही रेषांना टेकलं होतं, पण बाहेर कुठं गेलं नव्हतं.

"पस्तीस," त्या म्हणाल्या.

नॉरिस शफलबॉटमनं, ज्याला कुणी कधी मोठ्यानं हसतानाही पाहिलं नव्हतं, थेल्माला कंबरेत धरून उचललं. अडतीसवर गठ्ठा संपला. आठशे सतरा विरुद्ध आठशे तेरा. बॅग्नलनं फेरमोजणी मागितली. फेरमोजणीतही तेच आकडे आले. मग तो उठला, कोटाची गुंडी लावली, आणि हात पुढे करून म्हणाला, "रोज सकाळी पावणेनऊला तू मला अडवायचीस. इथंही अडवशील असं वाटलं नव्हतं." एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे.

मंचावर निकाल जाहीर झाला आणि हॉल दणाणला. ओकाफोरबाईंनी तिच्यासमोर माईक सरकवला. तिनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं: तीनला दहा कमी.

"शाळा सव्वातीनला सुटते," ती म्हणाली. "मला जायला हवं." आणि हेच तिचं पहिलं भाषण.

फर्नेस रोडवर फाटकाशी आईबाप जमलेले होते. बातमी तिच्या आधी फोनवरून पोचली होती. दप्तराचा पट्टा अडकलेल्या मुलीची आई पुढे आली आणि ग्लेनिसच्या गळ्यात पडली. मुलगी आईचा कोट ओढत होती.

"मग सोमवारपासून तू येणार?" तिनं विचारलं.

"सोमवारपासून नाही. पण ठराव उलटला की कुणीतरी येईल. आणि तो मी उलटवणार, बघच तू."

"कुणीतरी नको. तू."

तेव्हा कुठं ग्लेनिसच्या ध्यानात आलं. नियम तिला केव्हापासून पाठ होता, पण तो आपल्यालाच लागतो हे निवडणुकीच्या गडबडीत तिनं मनाला कळू दिलं नव्हतं. नगरसेवकाला पालिकेची नोकरी करता येत नाही. ही जागा तिच्यामुळे वाचणार होती, आणि ती आता तिची कधीच असणार नव्हती.

"मला नाही येता येणार, सोन्या," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही.

घंटा झाली. पोरं लोंढ्यानं फुटपाथवर आली. ग्लेनिसचा पाय सवयीनं रस्त्यात पडणार, तो तिनं मागे घेतला. गाड्या अडवायचा हक्क तिला आता नव्हता.

वळणावरून बस आली. ड्रायव्हरनं ग्लेनिसला पाहिलं, तिच्या छातीवरचं रिबनचं फूल पाहिलं, आणि बस रस्त्याच्या मधोमध आडवी घालून उभी केली. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तो ओरडला, "नगरसेवक बाई! पोरं येऊ दे!" मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली, आणि मग का थांबलोय हे दिसल्यावर ते भोंगे वेगळेच वाजू लागले. समोरून येणारा विटांचा ट्रकही थांबला.

"चला," ग्लेनिस म्हणाली. "पळायचं नाही."

पोरं तिच्यासमोरून ओलांडून गेली, एकेक, दोनदोन, आणि शेवटचं पलीकडे पोचेपर्यंत ती काठावरच उभी राहिली.